अम्मींनी विचारले, "मिरिन म्हणजे काय?"

नागपूरहून रायपूरकडे जाताना छत्तीसगडची सीमा लागण्याआधी देवरी येते. महामार्गावर रात्रंदिवस ट्रक, आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि त्यापलीकडे जंगल. अशा ठिकाणी आम्ही जपानी पदार्थ करू, असे कधी वाटले नव्हते.

नागपूरला शिकणारी आमची मुलगी सुट्टीत आली ती तेन्त्सुयुचा हट्ट घेऊनच. जपानी लोक तेम्पुरा, म्हणजे भाज्यांची नि मासळीची हलकी भजी, ज्या पातळ कोमट रश्शात बुडवून खातात तो तेन्त्सुयु. तिच्या कागदावर लिहिले होते : दाशी चार भाग, सोया सॉस एक भाग, मिरिन एक भाग.

अम्मींनी चष्मा चढवला. "मिरिन म्हणजे काय?"

मिरिन तांदळापासून करतात. चवीला गोड, पण अस्सल मिरिनमध्ये सुमारे 14 टक्के अल्कोहोल असते. "उकळल्यावर उडून जाते," मुलगी म्हणाली. थोडे उडते, सगळे नाही. "मग मला हिरवी चटणी पुरे," अम्मी म्हणाल्या. नातीचे तोंड उतरले. आजीने नुसते पाहायचे आणि बाकीच्यांनी खायचे, हे आमच्या दस्तरखानावर चालत नाही. आमच्याकडे मोहाचे फूल वाळवून खाल्ले तर गोड मेवा, सडवले तर दारू. तसाच हा प्रकार. गोडवाच हवा ना, मग साखर का नको?

दाशी म्हणजे समुद्रशेवाळ किंवा सुकवलेल्या मासळीचे पाणी. जपानात बारीक वाळलेल्या मासोळ्यांचीही दाशी करतात, आणि त्या तर आमच्या बाजारात मिळतात! पहिल्या वेळी खारवलेल्या निघाल्या. सगळा रस्सा ओतून द्यावा लागला. दुसऱ्यांदा चाखून बिनमिठाच्या घेतल्या. मूठभर मासोळ्यांची डोकी व पोट काढून त्या दोन वाट्या पाण्यात अर्धा तास भिजवल्या, मंद आचेवर दहा मिनिटे उकळल्या, वरचा फेस काढला, गाळल्या. त्यात अर्ध्या वाटीला थोडा कमी सोया सॉस आणि चार लहान चमचे साखर घालून एक उकळी आणली. सोया सॉस घेताना बाटलीवरचे घटक वाचून घ्यावेत, काहींत अल्कोहोल घातलेले असते. खायच्या वेळी वरून किसलेला मुळा. तेलकटपणा त्यानेच कापला जातो.

कांद्याची नि वांग्याची भजी झाली. अम्मींनी पहिले भजे बुडवले, चघळले, पुन्हा बुडवले. मग वाटी पुढे सरकवून म्हणाल्या, "मुळा अजून किस."