सिग्नुमची वेलांटी

सिग्नुम या लॅटिन शब्दाला पहिली वेलांटी द्यायची की दुसरी, याचा निकाल मला लावता येत नाही. शब्द अवघड नाही. सिग्नुम म्हणजे खूण. क्रुसाची खूण शिकवताना तोच येतो, म्हणून सेमिनरीत तो पहिल्याच आठवड्यात फळ्यावर लिहावा लागतो. मिस्सेच्या, म्हणजे चर्चमधल्या उपासनेच्या, उच्चारात त्याचं 'सिन्युम' होतं, पण वेलांटीचा प्रश्न तिथेही तसाच राहतो. रोमन लिपीत लिहिणाऱ्याला तो टाळता येतो. स्वर दीर्घ असेल तर त्याच्या डोक्यावर आडवी रेघ द्यायची. रेघ दिली नाही, तर स्वर ऱ्हस्व आहे असाही अर्थ होतो आणि आपण काहीच बोललो नाही असाही होतो. देवनागरीत ही मोकळीक नाही. 'सि' लिहा नाहीतर 'सी' लिहा, मध्ये थांबायला जागा नाही.

हे माझ्या ध्यानात आणून दिलं तलासरीकडच्या एका ब्रदरनं, म्हणजे धर्मगुरू होण्यासाठी शिकणाऱ्या विद्यार्थ्यानं. मराठी शाळेतून आलेला हा मुलगा लॅटिन शब्द वहीत देवनागरीत उतरवून घ्यायचा. पाठ करायला त्याला तेच सोपं जायचं, म्हणून मी आडकाठी केली नाही. एकदा तास संपल्यावर तो वही घेऊन आला. "सर, पहिली की दुसरी?" कोशात बघून सांगतो म्हटलं, तर म्हणाला, "पण कोशवाल्यांना तरी कुणी सांगितलं? त्या लोकांना बोलताना कुणी ऐकलंय का?"

रेघ कोशातून उचलायची आणि पुढे जायचं, ही आम्हा लॅटिन शिकवणाऱ्यांची जुनी रीत. त्या प्रश्नानंतर मी प्रत्येक रेघेला साक्षीदार मागू लागलो.

पहिला साक्षीदार छंद. ज्यानं शाळेत यमाताराजभानसलगा घोकलं आहे, त्याला व्हर्जिलचं वृत्त समजायला वेळ लागत नाही. तिथेही लघु-गुरूंचाच हिशेब, तिथेही जोडाक्षराआधीचं अक्षर गुरू. त् च्या पुढे र् आला तर लॅटिन कवी कधीकधी सूट घेतो, एवढाच फरक. एकट्या व्यंजनाआधीचा स्वर कवीनं गुरूच्या जागी बसवला, की तो दीर्घ होता हे ठरलं. अशा ठिकाणी मात्रेला फार मोल असतं. 'ओक्किदित' म्हणजे पडतो, मरतो. 'ओक्कीदित' म्हणजे ठार मारतो. रोमन लिपीत दोन्ही एकसारखेच लिहितात. चर्चच्या उच्चारात स्वर लांबवत नाहीत, पण आघात बदलतो, म्हणून उपासनेच्या छापील पुस्तकांत आघाताची तिरपी खूण देतात. ही मात्रा कुणीही शिकवेल.

सिग्नुमचं तसं नाही. इ च्या पुढे ग् आणि न् उभे आहेत. स्वर ऱ्हस्व असो की दीर्घ, अक्षर गुरूच होणार. कवितेला हा स्वर दिसत नाही. आघातही हलत नाही, अर्थही बदलत नाही. अशा लपलेल्या मात्रांनीच मला धरून ठेवलं आहे. त्यांच्यावाचून कुणाचं काही अडत नाही, हे मला माहीत आहे. पण रेघ द्यायची असेल तर ती खरी हवी, आणि साक्षीवर दिलेली रेघ नि अंदाजानं दिलेली रेघ कागदावर एकसारखीच दिसतात, हे मला सहन होत नाही.

लपलेल्या मात्रांनाही साक्षीदार असतात. दुसरी साक्ष जुन्या लेखकांची. सिसेरो सांगतो की 'इन्दोक्तुस'मधला पहिला स्वर आखूड, पण 'ईन्सानुस'मधला लांब, कारण पुढे न् आणि स् आहेत. दुसऱ्या शतकातला औलुस गेलियस 'आक्तुस' दीर्घ आणि 'फक्तुस' ऱ्हस्व असल्याची साक्ष देतो. दोन्ही रूपं एकाच ठशाची, तरी मात्रा वेगळी. तिसरी साक्ष दगडाची. रोमन पाथरवट दीर्घ स्वरावर कधीकधी तिरपी रेघ कोरत आणि दीर्घ इ चा दांडा उंच करत. अंकाऱ्याच्या देवळावरच्या ऑगस्टसच्या लेखात अशा खुणा आहेत. दगडावर माझा जीव जास्त आहे. वसईच्या किल्ल्यातल्या फ्रान्सिस्कन चर्चमध्ये पोर्तुगिजांच्या थडग्यांच्या फरश्या आहेत. रोमन अक्षरं मी पहिल्यांदा गिरवली ती तिथे, बोटानं. चौथी साक्ष लॅटिनच्या लेकींची. लॅटिनमधला दीर्घ ई इटालियनमध्ये इ च राहतो, ऱ्हस्व इ चा बहुधा ए होतो.

सिग्नुमपाशी हे साक्षीदार एकमेकांवर उलटतात. काही कोरीव लेखांत त्याच्या इ चा दांडा उंच आहे, म्हणजे दीर्घ. सहाव्या शतकातल्या प्रिस्कियनच्या व्याकरणातही अशा शब्दांतला स्वर दीर्घ म्हटला आहे, पण त्या वाक्यावर अभ्यासकांचा पूर्ण भरवसा नाही. इटालियनमध्ये मात्र शब्द 'सेन्यो' झाला, म्हणजे ऱ्हस्व. सिडनी ॲलनच्या १९६५ च्या 'वॉक्स लातिना'त हा वाद मांडलेला आहे. ती पानं मी इतक्यांदा वाचली आहेत की पुस्तक आपोआप तिथेच उघडतं.

लिनक्स माझ्या आयुष्यात आलं तेही याच रेघेमुळे. मराठी डीटीपी करणाऱ्यांना जुन्या फॉन्टचं दुखणं माहीत आहे. संगणक बदलला की फाइलीत नुसता अक्षरांचा चिवडा. माझ्या लॅटिन टिपणांची तीच गत व्हायची, कारण रेघेचे स्वर भलत्याच अक्षरांच्या जागी कोंबलेले असत. पुढे एका जुन्या लॅपटॉपवर डेबियन नावाचं लिनक्स चढवलं. कंपोझ कळ, मग अधोरेखा, मग स्वर दाबला की रेघेचं अक्षर उमटलं, आणि ते साध्या मजकुराच्या फाइलीत राहिलं. कुठल्याही यंत्रावर उघडा, तेच दिसणार. आता छापील कोशातली बारीक रेघ माझ्या डोळ्यांना नीट दिसत नाही. टर्मिनलवर अक्षर हवं तेवढं मोठं होतं.

संध्याकाळी लोकलनं घरी आलो की मी माझी शब्दांची यादी उघडतो. एका ओळीत एक शब्द, पुढे मात्रा, पुढे साक्षीदार. 'फक्तुस, ऱ्हस्व, गेलियस.' साक्षीदाराचा रकाना रिकामा असेल तर मात्राही रिकामी. वर्गात वाटायचा कागद छापण्याआधी एक छोटी स्क्रिप्ट तो या यादीशी ताडून बघते, आणि साक्षीशिवाय दिलेली प्रत्येक रेघ दाखवते. बदल गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या प्रोग्राममध्ये नोंदलेले असतात, त्यामुळे कुठल्या दिवशी कुठल्या पुराव्यावर मत फिरवलं ते सापडतं.

इथेही एक अडचण पुरून उरली. रेघेचा स्वर युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी लिहिता येतो. एक सबंध अक्षर, किंवा आधी स्वर आणि मग वर चढवलेली सुटी रेघ. डोळ्याला फरक दिसत नाही, पण ग्रेप या शोधणाऱ्या प्रोग्रामला एक शोधायला सांगितला तर तो दुसरा सोडून देतो. मराठीत याची जुळी अडचण नेमकी 'ऱ्हस्व' या शब्दातच आहे. त्यातला अर्धा र दोन वेगळ्या क्रमांनी टाइप होतो आणि शोधताना त्यातला एक निसटतो. म्हणून दर वेळी सगळी फाइल आधी एका साच्यात आणावी लागते. हे काम मी आनंदानं करतो. लिनक्सवर एखादी गोष्ट अशी का वागते, ते उघडून पाहता येतं. कोशातली रेघ उघडून पाहता येत नाही, ही माझी तक्रार आहे.

या वाटेवर मी ज्याला मानतो तो माणूस विल्यम व्हिटेकर. अमेरिकी हवाई दलातला कर्नल. ज्या समितीच्या कामातून एडा ही संगणकभाषा आली, तिचा तो अध्यक्ष होता. निवृत्तीनंतर त्यानं एडामध्येच लॅटिन शब्दांची फोड करणारा 'वर्ड्‌स' हा प्रोग्राम लिहिला आणि सगळ्यांना मोकळा करून दिला. २०१० मध्ये तो गेला. त्याचा सोर्स लोकांनी पुढे सांभाळला, आणि मी तो माझ्या यंत्रावर स्वतः कंपाइल करून वापरतो. त्यात मात्रा दाखवलेल्या नाहीत. मला ती उणीव वाटत नाही. खात्री नाही तिथे न बोलणं मला आवडतं.

आजकाल रेघा आपोआप भरून देणारी साधनं निघाली आहेत. मजकूर घातला की क्षणात सगळ्या रेघा जागेवर. कामाला ती चांगली आहेत, आणि बनवणाऱ्यांची विद्या मोठी आहे. पण ती लपलेल्या मात्रेवरही तितक्याच ठामपणे रेघ देतात, आणि तरुण शिक्षक ती तशीच पुढे पाठवतात. बोलून लॅटिन शिकवणाऱ्या पंथाशीही माझं इथेच बिनसतं. त्यांच्या वर्गात मुलं भराभर बोलू लागतात, हे मी पाहिलं आहे. पण बोलणाऱ्याला अडखळून चालत नाही, म्हणून ते शंकेची जागा आवाजानं भरून काढतात. तरी बोललेल्या लॅटिनचा मला राग नाही. फिनलंडच्या रेडिओवर १९८९ पासून दर आठवड्याला लॅटिनमध्ये बातम्या असत. २०१९ मध्ये त्या बंद झाल्या. ज्या देशानं लिनक्स दिलं, त्याच देशाचा तो आवाज होता. तो थांबला तेव्हा घरातलं माणूस गेल्यासारखं वाटलं.

आमच्याकडे लॅटिनचे तास कमी होत चालले आहेत. चर्चच्या १९८३ च्या कायद्याचं २४९ वं कलम म्हणतं की धर्मगुरू होणाऱ्यांना स्वतःची भाषा नीट यावी आणि लॅटिनही चांगलं समजावं. दोन्हींची हेळसांड होते आहे. एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यांचं म्हणणं, ब्रदरांना आघात कळला की पुरे, बाकीचं तुमचं वेड आहे. आघात पुरे, हे त्यांचं मला मान्य आहे. तरी वर्गातला थोडा वेळ मी साक्षीदारांवर खर्च करतो. तलासरीच्या त्या ब्रदरनं वहीत 'सि' आणि 'सी' एकाखाली एक लिहून दोन्हींपुढे साक्षीदारांची नावं मांडली. इतकी प्रामाणिक नोंद मी एकाही छापील कोशात पाहिलेली नाही.

यात माझा अहंकार आहे, आणि तो लहान नाही. वर्गात काळी खिडकी उघडून ग्रेप चालवतो तेव्हा मुलं बघताहेत याचं मला सुख होतं. नामांकित कोशातली बिनपुराव्याची रेघ सापडली की त्या रात्री झोप लागत नाही, इतका आनंद होतो. सहकारी म्हणतात, यादी पुस्तक म्हणून छापा, पण रिकामे रकाने भरून छापा, नाहीतर कोण घेईल? रकाने मी भरणार नाही. पुस्तक मात्र मला हवं आहे. त्यावर माझं नाव हवं आहे, आणि पुढे कधी कुणी सिग्नुमवर भांडताना माझ्या यादीचा हवाला द्यावा, हेही हवं आहे.