मशाल किती उरली?

"रात्री दोन-दोन वाजेपर्यंत पाच जण एका रूममध्ये बसून नेमकं करता काय रे?" हा प्रश्न रेक्टर सरांपासून मेसच्या काकांपर्यंत सगळ्यांनी विचारून झालाय. पत्ते नाहीत, कॉम्प्युटर बंद, आणि अभ्यासाचा संशय तर आमच्यावर कुणी घेतच नाही!

तर मंडळी, आम्ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' खेळतो. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकन माणसांनी १९७४ साली काढलेला हा खेळ. चौघं एकेक पात्र होतात: कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी चोर. पाचवा म्हणजे अस्मादिक, गेम मास्टर. दगडधोंड्यांपासून राक्षसांपर्यंत बाकीचं सगळं जग त्याने सांभाळायचं. सामान काय? फासे, पेन्सिली आणि तोंड.

यात लढाई चालवणं सोपं. नियमपुस्तकात त्यावर पानंच्या पानं आहेत. संवादही सोपे, हॉस्टेलच्या पोरांना बडबड काय शिकवायची? खरी गोची होते ती शोधाशोधीत. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत खेळाचे तीन खांब सांगितलेत, शोध, संवाद आणि लढाई. पण बऱ्याच टेबलांवर पहिला खांब असा उभा असतो: "आम्ही खोली शोधतो." फासा पडतो. "सतरा." "बरं, एक अंगठी सापडली." झालं! याला शोध म्हणायचं तर जर्नल उतरवून काढण्याला संशोधन म्हणावं लागेल.

मला यातून वाट दाखवली ती राजगडाने. सेकंड इयरला ट्रेकला गेलो होतो. संजीवनी माचीच्या दुहेरी तटबंदीतून चालताना पुढच्या वळणाआड काय आहे ते दिसत नाही, आणि नेमकं म्हणूनच पाय पुढे पडतात. गोमुखी दरवाजाचंही तेच. समोरून बुरूज दिसतो, दार दिसत नाही. थोडक्यात, किल्ला बांधणारा अर्धं दाखवतो आणि अर्धं लपवतो. गेम मास्टरने दुसरं काय करायचं असतं?

मग मी आमच्या खेळासाठी एक पडका, काल्पनिक गड रचला. देवड्या, धान्यकोठार, कोरडं टाकं आणि टाक्याच्या तळातून आत जाणारं भुयार. वर्णनाची लांबलचक पानं वाचून दाखवणं बंद. दोन-तीन वाक्यं, बस्स. "टाकं कोरडं आहे, पण डावीकडची भिंत ओली आहे. कुठूनतरी वारा येतोय." आणि गप्प बसायचं. "शोधतो" म्हणाले तर "कुठे? कशाने? हात घालतोस की काठी?" असं विचारायचं. ओल्या भिंतीला नीट हात लावला तर फाशाची गरजच नाही, जे आहे ते सांगून टाकायचं.

दुसरी गोष्ट वेळेची. ही मी १९८१ च्या बेसिक नियमांतून उचलली. भुयारातली एक पाळी म्हणजे दहा मिनिटं. एक मशाल सहा पाळ्या जळते. दर दोन पाळ्यांनी गेम मास्टरने सहा बाजूंचा फासा टाकायचा, एक पडला की अंधारातून कुणीतरी येणार. एवढ्याने खेळाचा नूरच पालटतो. "अजून एक कोपरा बघू या का?" हा प्रश्न फुकटचा राहत नाही.

आमच्यात इलेक्ट्रॉनिक्सचा एक मुलगा चोर व्हायचा. सात महिन्यांत तो सात वाक्यं बोलला असेल. नुसता ग्राफ पेपरवर नकाशा काढत बसायचा, एक चौकोन म्हणजे दहा फूट. गेल्या सेमिस्टरमध्ये एका रात्री त्याने पेन्सिल ठेवली आणि म्हणाला, "कोठार आणि भुयार यांच्यामध्ये चार चौकोन रिकामे राहतायत. भिंत एवढी जाड कशी असेल?"

आई शप्पथ, अंगावर काटा आला! ती खोली मी सात महिन्यांपूर्वी कागदावर काढून ठेवली होती.

पण हातात मशाल एकच, नुकतीच पेटवलेली. जादूगार जखमी. बाहेर पडायला चार पाळ्या, भिंत फोडायला दोन. हिशेब बरोब्बर बसत होता, म्हणूनच भीती वाटत होती. योद्धा म्हणाला, परत फिरू. चोर पहिल्यांदाच हट्टाला पेटला. शेवटी फोडायचं ठरलं. दोन पाळ्या गेल्या, दगड निखळला, आत खाली उतरणाऱ्या पायऱ्या दिसल्या. मी फासा टाकला. एक.

मागून गस्तीवरचे सांगाडे आले. भुयार अरुंद होतं. चोर मध्ये उभा राहिला, बाकीचे तिघं मशाल घेऊन निसटले. चोर मेला.

मी फासे सगळ्यांच्या देखत टाकतो. बरेच जण पुठ्ठ्याच्या आडोशामागे टाकतात, तिथे एकाचा चार करता येतो आणि कुणाला कळतही नाही. ते दयाळू असतील, मला पटत नाही. ती 'एक' मी पुसली असती, तर त्याने सात महिने मोजलेला प्रत्येक चौकोन आणि प्रत्येक पाळी खोटी ठरली असती. हे तेव्हा त्याला सांगितलं नाही. सांगायची ती वेळही नव्हती. त्याने नकाशा जादूगाराच्या हातात दिला आणि झोपायला गेला. पुढचे पाच दिवस मेसमध्ये दुसऱ्या टेबलावर बसला. ग्रुप मोडला असंच आम्ही धरून चाललो होतो.

शनिवारी नऊला दार वाजलं. हातात नवीन पात्राचा कागद: मेलेल्या चोराचा धाकटा भाऊ. बसायच्या आधीच त्याने विचारलं, "दादाचा नकाशा कुणाकडे आहे?"

जादूगार म्हणाला, "पाच सोन्याची नाणी पडतील."

त्यावरून तासभर भांडण झालं. त्या पायऱ्या अजून कुणी उतरलेलं नाही. योद्धा आता इंटर्नशिपला जातोय, त्यामुळे एक जागा रिकामी आहे. कुणाला यायचं असेल तर या, पेन्सिल स्वतःची आणा.