क्लेअरमॉन्ट

मोठ्या घरांचा इतिहास म्हणजे त्यांत राहिलेल्या मोठ्या माणसांचा इतिहास, असा सर्वसाधारण समज आहे. इंग्लंडांतील सरे परगण्यांत ईशर गांवाजवळ असलेलें क्लेअरमॉन्ट या समजास अपवाद म्हणावें लागेल. ज्यानें तें बांधविलें त्याला त्यांत सुखानें राहतां आलें नाहीं. आणि पुढें ज्या राजकुलीनांना तें मिळालें त्यांना तें लाभलें नाहीं.

बांधविणारा पुरुष आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. १७६८ सालीं न्यूकॅसलचा ड्यूक वारल्यावर रॉबर्ट क्लाइव्हनें ही मालमत्ता त्याच्या विधवेकडून विकत घेतली, व्हॅनब्रूनें उभारलेलें जुनें घर पाडलें, आणि उंचवट्यावर नवा प्रासाद उठविण्याचें काम केपॅबिलिटी ब्राउन व हेन्री हॉलंड यांजकडे सोंपविलें. इकडे भिंती चढत होत्या; तिकडे १७७० सालीं बंगालमध्यें लक्षावधि माणसें दुष्काळानें मरत होतीं. सैतान आंत शिरूं नये म्हणून या दुष्ट लॉर्डानें भिंती एवढ्या जाड करविल्या, असें सरेचे शेतकरी कुजबुजत, हें मेकॉलेनें आपल्या निबंधांत नमूद केलें आहे. तो निबंध मी वर्गांत शिकवीत असें, तेव्हां मुलें या ठिकाणीं हटकून हंसत. मला मात्र त्या कुणब्यांच्या भोळेपणांत न्यायबुद्धीचा एक अंश दिसे. १७७४ च्या नोव्हेंबरांत क्लाइव्ह लंडन येथें मरण पावला.

१८१६ सालीं तें घर राजकन्या शार्लट व तिचा पति लिओपोल्ड यांना मिळालें. दुसऱ्याच वर्षीं, ६ नोव्हेंबर १८१७ रोजीं, मृत पुत्रास जन्म देऊन ती तेथेंच वारली. वय अवघें २१ वर्षांचें! गादीला वारस हवा म्हणून तिच्या काकांनीं लगबगीनें लग्नें केलीं, आणि १८१९ त व्हिक्टोरिया जन्मास आली. १८४८ च्या क्रांतींत सिंहासन गमावलेला फ्रान्सचा राजा लुई फिलिप याच घराच्या आश्रयास आला, व १८५० त तेथेंच त्यानें देह ठेविला.

आपल्याकडे अशा वेळीं 'वास्तु लाभली नाहीं' असें म्हणतात. मी शाप मानीत नाहीं. शार्लटचा मृत्यु बाळंतपणांतला, लुई फिलिपचें पतन पॅरिसमधलें. बंगालच्या उसाशांशीं त्यांचा संबंध जोडणें हें तर्कास धरून होणार नाहीं. परंतु शाप नाकारला म्हणून हिशेब मिटत नाहीं. विटा, चुना व मजुरी यांची नोंद बांधकामाच्या वहींत असते. पैसा कोठून आला तें भिंतींवर कोणी कोरून ठेवीत नाहीं. तें वाचावयाचें काम इतिहासाच्या विद्यार्थ्याचें.

आज त्या प्रासादांत शाळा भरते. राजकन्येची करुण कथा तेथील मुलांना सहज ठाऊक होईल. बंगालची गोष्टहि त्यांना कोणी सांगावी, एवढीच इच्छा.