कोप्यांवरची मंडळी

रविवार, २४ नोव्हेंबर २०२४

आज मंडळीत हंगामाचा सण झाला. पुण्यात आमच्यापैकी शेती कोणाची राहिली आहे? तरी सकाळी वेदीपुढे ऊस, बाजरीची कणसं, तांबडे भोपळे, लिंबांची परडी आणि पाय बांधलेल्या दोन कोंबड्या असा सगळा पसारा होता. यातलं निम्मं काल संध्याकाळी मंडईतून आणलेलं. हे देणाऱ्याला माहीत, घेणाऱ्याला माहीत आणि पाळकसाहेबांनाही माहीत. उपासना चालू असताना एक कोंबडी नेमकी उपदेशाच्या वेळी ओरडायला लागली आणि रविवार शाळेच्या मुलांचं त्यानंतर कशात लक्ष राहिलं नाही.

लिलाव अंगणात. एक भोपळा रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांनी २,१०० रुपयांना घेतला, दानार्पण म्हणून परत ठेवला, तो पुन्हा बोलीला चढला. असा तो तीनदा विकला गेला. बाजारभाव इथे चालत नाही, आणि म्हणून मला हा लिलाव आवडतो. वर्गणीच्या यादीत नाव घालताना जी माणसं कुरकुरतात, तीच लिंबांवर ईर्षेने बोली लावतात.

जमलेले पैसे नाताळाआधीच्या गावभेटीसाठी. दरवर्षीसारखं जामखेडकडच्या त्या गावी जायचं, चार दिवस राहायचं, आरोग्य तपासणी, मुलांचे खेळ, रात्री भजन. ठराव एकमताने झाला. आमच्याकडे जेवायची वेळ झाली की ठराव एकमताने होतात.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

तरुण संघ आणि महिला संघाची एकत्र बैठक. गावच्या पाळकसाहेबांना फोन लावून स्पीकरवर ठेवला. ते म्हणाले, "या की बाई. पण गावात हाय कोण? म्हातारी माणसं अन् कुलपं. समदी मंडळी कारखान्यावर गेली."

खरं म्हणजे यात नवीन काही नाही. बीड, पाथर्डी, आष्टी, जामखेड या पट्ट्यातली माणसं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला बाहेर पडतात आणि पट्टा पडला, म्हणजे गाळप संपलं, की मार्च-एप्रिलात परततात. यंदा गाळप १५ नोव्हेंबरपासून आहे. नवरा-बायको मिळून 'एक कोयता'. मुकादमाकडून उन्हाळ्यात उचल घेतलेली असते, ती हंगामभर तोडून फेडायची. इतकी वर्षं आपण नाताळाआधी त्या गावात जातो, आजी-आजोबांना ब्लँकेटं वाटतो, फोटो काढतो आणि परत येतो. म्हातारी माणसं चहा करतात, आशीर्वाद देतात. ज्यांच्या नावाने मंडळी चालते, ती कर्ती माणसं दीडशे-दोनशे किलोमीटरवर कोणाच्या तरी फडात असतात.

"मग आपण तिकडेच जाऊ," असं तरुण संघातली एक मुलगी म्हणाली. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बैठकीत तोपर्यंत टी-शर्टचा रंग ठरवण्यात अर्धा तास गेला होता.

पैशाचा प्रश्न निघाला. आमचे पाळकसाहेब मिझोराममधल्या मंडळ्यांविषयी सांगू लागले. तिथल्या बायका प्रत्येक वेळी भात शिजवताना एक मूठ तांदूळ बाजूला काढतात, तो गोळा करून विकला जातो आणि त्यातून मिशनचं काम चालतं. हे विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून चालू आहे. खजिनदार म्हणाले, आपल्याकडे स्विगीवाले मूठ कशी काढणार? हशा झाला, पण टी-शर्ट रद्द झाले आणि ते पैसे ताडपत्र्यांना गेले.

शनिवार, ३० नोव्हेंबर

गावच्या पाळकसाहेबांनी मुकादमाशी बोलणं केलं. मुकादमाचा पहिला प्रश्न, "धर्माचं काही लफडं नाही ना?" पाळकसाहेबांनी सांगितलं, आमच्याच माणसांना भेटायला येतोय, औषधं मात्र ऊसतोड्यांच्या सगळ्या तळाला. मला हे पटलं. आमच्यात अजून काहीजण आहेत ज्यांना औषधाच्या पुडीबरोबर पत्रिका द्यावीशी वाटते. मी आणि आमच्या परिचारिका सिस्टरबाईंनी स्पष्ट सांगितलं की तसं होणार असेल तर आम्ही येणार नाही. ताप आलेल्या माणसापुढे आपण आधीच वरचढ असतो. त्या क्षणी त्याला काही वाचायला देणं हा सौदा होतो.

तळावरच्या माणसांना काय हवं, हेही पाळकसाहेबांनी फोनवर विचारून ठेवलं. यादी छोटी आली: ताडपत्री, डोक्याला बांधायची बॅटरी, पोरांना दिवसभर कोणीतरी. ब्लँकेटं कोणी मागितली नव्हती.

गुरुवार, ५ डिसेंबर

सकाळी सहाला निघालो. सोलापूर रस्त्यावर चौफुल्याला चहा. तिथून केडगावचं मुक्ती मिशन जवळ आहे, म्हणून मुलांना नेलं. पंडिता रमाबाईंनी दुष्काळातल्या मुलींना इथे आणलं, शिकवलं, शेती आणि छापखाना त्यांच्या हाती दिला. मूळ हिब्रू-ग्रीकवरून त्यांनी स्वतः केलेलं मराठी बायबल याच छापखान्यात आश्रमातल्या बायकांनी जुळवलं आणि छापलं. ते पूर्ण होऊन निघालं १९२४ मध्ये. रमाबाई १९२२ मध्येच गेल्या होत्या. यंदा त्याला शंभर वर्षं झाली. आमच्या मुलांना हे माहीत नव्हतं. त्यांना अमेरिकेतले प्रचारक नावानिशी पाठ आहेत.

गाडीत मी त्यांना जुन्या दौऱ्यांविषयी सांगितलं. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ मध्ये सुरू झालं. पावसाळा सरला की मिशनरी तंबू, बैलगाड्या घेऊन खेड्यांच्या दौऱ्यावर निघत. बरोबर बायबलबाई असत. घरात जाऊन बायकांशी बोलायचं काम त्यांचंच. अहवाल साहेबांच्या नावाने जात. तरुण संघाच्या मुलाने विचारलं, "मग बायबलबाई कुठे उतरायच्या?" चांगला प्रश्न होता. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

दुपारी दोनला तळावर. कारखान्याची चिमणी दिसते, मळीचा वास आधी येतो. मोकळ्या रानात कोप्यांच्या रांगा: बांबूच्या कामट्या, पाचट, वर जुन्या फ्लेक्सचे तुकडे. मागच्या महिन्याच्या निवडणुकीचे उमेदवार बऱ्याच कोप्यांवर उलटे हसत होते. तळावर फक्त लहान मुलं, एक बाळंतीण आणि कुत्री. मोठी माणसं फडात.

शुक्रवार, ६ डिसेंबर

पहाटे तीनला तळ जागा झाला. चुली पेटल्या, भाकरी झाल्या, पाचच्या आत गाड्या निघाल्या. आम्ही उठून दात घासेपर्यंत सामसूम. आमच्या वेळापत्रकात 'सकाळी ७ – सामूहिक प्रार्थना' असं होतं.

तरुण संघाने बाभळीखाली ताडपत्री बांधून पोरांना बसवलं. तेवीस आली, संध्याकाळपर्यंत एकतीस. मोठी बहीण आठ वर्षांची, कडेवर भाऊ. तिची शाळा गावाकडे, नाव पटावर, ती इथे. बी.कॉम.वालीने बाहुल्यांचा खेळ आणला होता, पण पोरांना हवी होती बादली आणि साबण. दोन तास सगळ्यांची डोकी धुण्यात गेले. मग खिचडी. मग झोप. एकतीस पोरं एकाच वेळी झोपली तेव्हा आमच्या मुलांना कळलं की दिवसभर दुसरं काहीही न करणं हेच इथलं काम आहे.

सिस्टरबाई मिरजेला वानलेस रुग्णालयात शिकलेल्या, चाळीस वर्षं वॉर्ड सांभाळलेल्या. त्या बाळंतिणीकडे बसल्या. तिच्याबरोबर पन्नाशीची एक मावशी होती. तिची आई जामखेडला आरोळे डॉक्टरांकडे आरोग्य सेविका होती. मावशीने नाळेपासून दुधापर्यंत सगळं व्यवस्थित केलेलं. सिस्टरबाई मला म्हणाल्या, "माझ्यासाठी काही शिल्लकच ठेवलं नाही हिने." रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने १९७० मध्ये जामखेडला काम सुरू केलं तेव्हा लोकांनी दवाखान्याआधी पाणी आणि धान्य मागितलं होतं, आणि त्यांनी ते ऐकलं. पुढे निरक्षर बायकांना शिकवून त्यांच्या हाती गावाचं आरोग्य दिलं. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. या कोपीत आज जे बाळ नीट आहे, ते त्या शिकवणीचं. दोघेही ख्रिस्ती होते, प्रार्थनेची माणसं होती. हे मी आमच्या पत्रिकावाल्यांना मुद्दाम सांगितलं.

रात्र. माणसं सातला परतली. पलीकडच्या रांगेत बौद्ध कुटुंबं. आज महापरिनिर्वाण दिन. दादरला जाणं यंदा त्यांना जमलेलं नाही, मुकादम सोडत नाही. एका खाटेवर बाबासाहेबांचा फोटो, पुढे मेणबत्त्या, वंदना. आमची माणसं आपापल्या मेणबत्त्या घेऊन तिकडे गेली, कोणी बोलावायची वाट पाहिली नाही. एकाच गावची, एकेकाळच्या एकाच वाड्यातली घरं. कोणाच्या पणज्याने बाप्तिस्मा घेतला, कोणाच्या आजोबांनी ५६ साली दीक्षा. आमच्यातले काही पुणेकर जरा चुळबुळले. गावचे पाळकसाहेब पहिल्या रांगेत उभे होते.

मग नऊला आमचं भजन. पेटी, डिमडी, टाळ. आजच रेव्हरंड ना. वा. टिळकांचा जन्मदिवस, १८६१ चा. पुण्याच्या चर्चमध्ये आम्ही टिळकांची पदं ऑर्गनवर, 'उपासना संगीत' हातात धरून, उभं राहून म्हणतो. इथे एक आजोबा डोळे मिटून अभंगाच्या चालीत सगळी कडवी तोंडपाठ म्हणत होते. पुस्तक कोणाच्याच हातात नव्हतं. आमच्या गायकवर्गाने चार आवाजांत बसवलेलं गीत म्हटलं. त्याचं कौतुक झालं, आणि मग लगेच त्यांनी आपलं पुढचं सुरू केलं. साडेनऊला निम्मी माणसं बसल्या जागी झोपली होती. पाळकसाहेबांनी उपदेश पाच मिनिटांत आटपला. आमच्याकडे त्यांना एकदा बोलवायला हवं.

शनिवार, ७ डिसेंबर

तपासणी. हातापायांना कोयत्याच्या जखमा, खोकला, अंगदुखी, बायकांची पांढऱ्या पाण्याची तक्रार. तळाला संडास नाही, नळ एक. पस्तिशीच्या आतल्या चौघींनी सांगितलं की पिशवी काढलेली आहे. एकीला विचारलं का, तर म्हणाली, "पाळीत खाडा झाला की पैसं कापत्यात. डॉक्टर म्हनला, काडून टाक." बीड जिल्ह्यातल्या या शस्त्रक्रियांची चौकशी करायला २०१९ मध्ये सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली होती. वर्तमानपत्रात वाचलेलं मला आठवत होतं. सिस्टरबाईंनी प्रत्येकीची नोंद वेगळ्या वहीत केली. या बायकांना कॅल्शियमच्या गोळ्या वर्षभर लागतील. आम्ही पंधरा दिवसांच्या आणल्या होत्या.

रविवार उद्या, पण कारखाना रविवारी थांबत नाही, म्हणून उपासना आज रात्रीच. आगमनकाळाचा दुसरा रविवार मानून वाचन झालं. प्रभुभोजन विजेच्या बॅटऱ्यांच्या उजेडात. गावच्या पाळकसाहेबांनी प्रत्येकाचं नाव घेऊन भाकर दिली. पट त्यांच्या डोक्यात आहे: कोण कुठल्या तळावर, कोणाची सून बाळंत व्हायची, कोणाची उचल किती बाकी. दर पंधरवड्याला ते मोटारसायकलवर चार कारखाने फिरतात. पेट्रोल स्वतःचं. हंगामाच्या सहा महिन्यांत गावच्या चर्चमध्ये दानार्पण जवळजवळ येत नाही, हे वेगळं.

आज दानार्पण झालं. ताटात दहा-दहाच्या नोटा. एका जोडप्याने उसाची वाढं विकून आलेले पन्नास रुपये टाकले. तरुण संघातल्या एकाने मला हळूच विचारलं, हे पैसे आपण घ्यायचे का? म्हटलं, आपल्याला कोण देतंय? मंडळी त्यांची, ताट त्यांचं.

सोमवार, ९ डिसेंबर

काल रात्री घरी. आज दिवसभर कपडे. पाचटाची कुसं निघत नाहीत.

रविवार, १५ डिसेंबर

उपासनेनंतर अहवाल. तरुण संघाने पडद्यावर फोटो दाखवायचे ठरवले होते. बी.कॉम.वालीने बायकांचे आणि मुलांचे चेहरे दिसणारे सगळे काढून टाकले, राहिले कोप्या, ताडपत्र्या आणि आमचेच भाजलेले चेहरे. काहींना ते रुचलं नाही. मला योग्य वाटलं.

प्रश्न आले. सर्वांत जास्त वेळ एकाच प्रश्नावर गेला: याला मिशन म्हणायचं का, एकही नवीन माणूस तर जोडला गेला नाही. पाळकसाहेबांनी शांतपणे सांगितलं की जोडलेली माणसं सहा महिने आपल्या यादीबाहेर असतात, आधी ती मोजू. पंचांनी गावच्या पाळकसाहेबांच्या पेट्रोलसाठी दरमहा रक्कम मंजूर केली, एप्रिलपर्यंत. मी वर्षभराची मागितली होती. इतर महिन्यांचं मार्चच्या सभेत पुन्हा मांडणार.

फळ्यावर लावायला सूचना लिहिली, तिची नक्कल इथे ठेवते:

'जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात तळावर पुन्हा जायचे आहे. जुने कपडे आणू नयेत. ताडपत्री, डोक्याची बॅटरी, अंगाचा साबण, कॅल्शियम आणि लोहाच्या गोळ्या स्वीकारल्या जातील. इतर मंडळ्यांत ज्यांची ओळख आहे त्यांनी तिथल्या पाळकांना कळवावे, की नगर-बीडकडच्या गावाला जाण्याआधी गावची माणसे कुठल्या कारखान्यावर आहेत ते फोन करून विचारा. दिवसभर लहान मुले सांभाळू शकतील अशा किमान सहाजणांची गरज आहे. पुरुषही चालतील. नावे महिला संघाकडे द्यावीत.'