‘पण’च्या आधी कापलेली फिल्म

थोडं लांब आहे. पण शॉर्टफिल्मच्या स्पर्धा भरवणाऱ्यांनी, त्यात भाग घेणाऱ्यांनी आणि असे व्हिडिओ नुसते पुढे ढकलणाऱ्यांनीही वाचावं असं वाटतं.

आमच्या चार मिनिटांच्या फिल्मच्या शेवटी आठ नावं होती. आज तिचा जो तुकडा लोकांच्या फोनवर फिरतोय तो एका मिनिटाचा आहे. त्यात आमच्यापैकी कुणाचंच नाव नाही. आयोजकांचा लोगो आहे, खाली एक घोषवाक्य आहे आणि आम्ही कधीच न निवडलेलं बासरीचं संगीत आहे. नावं गेली याचा राग आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट गेली आहे. तिच्याकडे येतेच.

मी पुण्यात फिल्म शिकते. माझा विषय ध्वनी. शूटला बूमचा दांडा डोक्यावर धरून जी मुलगी उभी असते, ती मी. गाव मंगळवेढ्याजवळ. पहिली फिल्म आईला दाखवली तेव्हा ती म्हणाली, “एवढा दांडा धरून हुबी ऱ्हातीस, मग ह्यात दिसतीस कुठं?” म्हटलं, आवाजवाले दिसत नसतात. तर म्हणे, “मग नाव तरी येतंय न्हवं?” शेवटी नाव आलं तेव्हा तिने फोन थांबवून ते दोनदा वाचलं.

विद्यार्थ्यांच्या फिल्ममध्ये पैसे नसतात. नाव हाच पगार. नोकरीच्या किंवा पुढच्या कामाच्या वेळी आपण दाखवणार काय, तर त्या शेवटच्या पाटीवरची आपली ओळ. त्यामुळे बाहेरच्याला क्षुल्लक वाटणारी ही नावांची भांडणं आमच्यात फार खोल जातात.

आमचा पाच जणांचा गट. एक दिग्दर्शन करतो, एक कॅमेरा, मी ध्वनी, एक मैत्रीण संकलन करते आणि पाचवा ‘प्रॉडक्शन’. प्रॉडक्शन म्हणजे काय ते सांगते. परवानगीचं पत्र घेऊन तीन खेटे घालणं, भाड्याचे लाइट वेळेत परत करणं, वडापाव आणणं, शूट चालू असताना शेजारच्या काकांना “पाच मिनिटं ग्राइंडर बंद ठेवता का” म्हणून विनवणं. आणि फिल्म झाल्यावर पोस्टरवर काय येतं? दिग्दर्शकाचं नाव, आणि पुढे ‘ची फिल्म’.

आमची पहिलीच फिल्म एका पेठेतल्या जुन्या पिठाच्या गिरणीवर होती. अडीच मिनिटांची. गिरणी सुरू होताना पट्टा आधी सुस्त फिरतो, मग जात्याचा सूर चढत जातो, आणि दळण संपत आलं की आवाज पोकळ होतो. तो आवाज नीट मिळावा म्हणून मी तिथे चार सकाळी गेले. फिल्म जवळजवळ तयार झाली आणि कॅमेरावाल्याचं दिग्दर्शकाशी वाजलं. कॅमेरा त्याचा, हार्ड डिस्कही त्याची. “माझ्या डिस्कवर आहे म्हणजे माझी आहे,” इतकं साधं गणित. ती फिल्म आजही कुणीच पाहिलेली नाही. मध्यंतरी ती गिरणी बंद झाली. त्या मालकांना आम्ही दाखवणार होतो.

दुसरी फिल्म कचरा वेचणाऱ्या एका मावशींवर. पुण्यात ही कष्टकरी मंडळी १९९३ पासून संघटित आहेत. त्यांच्या कामाचं मोल शहराला थोडंफार कळायला लागलं ते त्या धडपडीमुळे. या मावशी रोज पहाटे घराघरातून कचरा घेतात आणि मग शेडमध्ये बसून ओला, सुका वेगळा करतात. सॅनिटरी कचरा नीट गुंडाळून द्यावा हे २०१६च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांतच लिहिलेलं होतं. गुंडाळीवर लाल ठिपका काढा, म्हणजे उघडून बघावं लागणार नाही, असं शहरात किती वर्षं सांगितलं जातंय. तरी रोज काय हाताला लागतं ते मावशींनी सांगितलं, आणि आम्ही ते तसंच ठेवलं.

फिल्मचा गाभा त्यांचं एक वाक्य होतं. “शहर स्वच्छ ठेवायचं काम आहे, मला त्याचा अभिमान वाटतो. पण मोजे दोन आठवड्यांत फाटतात, आणि पुढचे कधी येतील ते कोण सांगत न्हाई.” ‘अभिमान वाटतो’ नंतर त्या थांबल्या होत्या. श्वास घेतला, मग ‘पण’ म्हणाल्या. संकलन करणाऱ्या मैत्रिणीने तो श्वास मुद्दाम ठेवला. कुठलंही संगीत त्याखाली टाकलं नाही.

स्वच्छतेवरच्या एका शॉर्टफिल्म स्पर्धेत आम्ही ही फिल्म पाठवली. आयोजकांचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका आयोजकाचा नाही. उत्तेजनार्थ प्रमाणपत्र मिळालं. नियमावलीत लिहिलं होतं की आलेल्या फिल्म आयोजकांना प्रसिद्धीसाठी वापरता येतील. वापरा की. चार लोकांनी पाहावी म्हणूनच तर केली होती. त्या नियमावलीत कापाकापीचा शब्दही नव्हता.

काही महिन्यांनी मावशींचा फोन आला. भाच्याने त्यांना व्हिडिओ दाखवला होता. त्या एवढंच म्हणाल्या, “मी येवढंच बोलले होते का गं?”

मी तो तुकडा हेडफोन लावून ऐकला. ‘अभिमान वाटतो’ वर वाक्य संपलं होतं. पण कापणाऱ्याचा हात जरा उशिरा पडला होता. बासरीच्या खाली मावशींचा तो श्वास ऐकू येतो. ‘पण’ म्हणण्याआधीचा श्वास आहे, आणि ‘पण’ नाही. ज्याने ते रेकॉर्ड केलं त्याच्याशिवाय कुणाच्या लक्षात येणार नाही. मला मात्र आता तो व्हिडिओ कुठेही लागला की पहिलं तेच ऐकू येतं.

यात आमचं नुकसान झालं ते नावापुरतं. मावशींचं काय झालं? शेडमधल्या बायका त्या वेळी मोज्यांसाठी अर्ज करत होत्या. त्यांना हा व्हिडिओ दाखवला गेला. “तूच सांगतीस सगळं चांगलं चाललंय, मग आम्ही कशाला भांडायचं?” असं त्यांना ऐकून घ्यावं लागलं. कॅमेऱ्यासमोर बसायला त्या आधी तयारच नव्हत्या. आमच्या प्रॉडक्शनवाल्या मित्राने आठवडाभर शेडमध्ये जाऊन, त्यांच्याबरोबर चहा पिऊन, तो विश्वास कमावला होता. तो विश्वास एका कटमध्ये दुसऱ्याच कुणीतरी खर्च करून टाकला.

आम्ही आयोजकांना दोन ईमेल लिहिले, मग फोन केला. उत्तर असं : “अहो, फुकटात प्रसिद्धी मिळतेय तुम्हाला. विद्यार्थ्यांना अजून काय पाहिजे?” तुकडा काही काढला नाही.

मग पूर्ण फिल्म आम्ही आमच्या चॅनलवर टाकली आणि शेडमध्ये जाऊन पोत्यांवर लॅपटॉप ठेवून सगळ्यांना दाखवली. मावशी शेवटपर्यंत बघत होत्या. म्हणाल्या, “आता बरोबर हाय. पण मोजे अजून आले न्हाईत.”

या प्रकारानंतर मी कायदा वाचायला घेतला. वकील नाही, विद्यार्थी म्हणून जे कळलं ते सांगते. आपला कॉपीराइट कायदा १९५७चा. त्यात फिल्मचा ‘कर्ता’ म्हणजे निर्माता, आणि निर्माता म्हणजे ज्याने ती करण्याचा पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. त्या व्याख्येत दिग्दर्शक नाही, कॅमेरावाला नाही, हार्ड डिस्क तर नाहीच. ध्वनिमुद्रणाचंही तसंच. मोठ्या फिल्ममध्ये निर्माता कोण हे स्पष्ट असतं. पाच मुलांनी खिशातून पाचशे-पाचशे रुपये काढले तर निर्माता कोण? कागदावर लिहिलेलं नसेल तर वाद अटळ.

दुसरी गोष्ट. हक्क दुसऱ्याच्या नावावर करायचे तर ते लेखी हवं आणि देणाऱ्याची सही हवी. त्या कागदात मुदत लिहिलेली नसेल तर पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरतं. म्हणजे कायद्यालाही ‘सगळं, सगळीकडे, कायमचं’ हे आपोआप मान्य नाही. पण स्पर्धांच्या फॉर्मवर नेमकं हेच एका ओळीत छापलेलं सापडतं : आलेल्या प्रवेशिकांचे सर्व हक्क आयोजकांकडे राहतील. बक्षिसं तिघांना, आणि फिल्म मात्र सगळ्यांच्या त्यांच्या. एखाद्या जाहिरात कंपनीकडून एक मिनिटाचा व्हिडिओ करून घ्यायला जे पैसे लागतात, त्यापेक्षा कितीतरी कमी बक्षिसात ढीगभर व्हिडिओ हाताशी येतात. याला प्रोत्साहन म्हणायचं की स्वस्तातली खरेदी, हे तुम्हीच ठरवा.

“शिकतानाच्या फिल्म, त्यांचं काय एवढं?” असं म्हणणारे भेटतात. नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ ही शॉर्टफिल्म नगरला शिकत असताना केली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यातला सूरज पवार पुढे ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्ये दिसला. शिकतानाची फिल्म म्हणजे रंगीत तालीम नव्हे, कुणाच्या तरी आयुष्याचा तो पहिला दस्तऐवज असतो.

आणि न दिसणाऱ्यांच्या कामाची गोष्ट तर आपल्या सिनेमाइतकीच जुनी. १९१३ साली ‘राजा हरिश्चंद्र’ आला, त्याचं श्रेय आपण दादासाहेब फाळक्यांना देतो आणि ते त्यांचंच आहे. पण कच्च्या फिल्मला भोकं पाडण्याचं, ती धुण्याचं काम सरस्वतीबाई शिकल्या आणि करत होत्या. सगळ्या चमूचा स्वयंपाकही त्यांच्याकडेच. आजच्या भाषेत सांगायचं तर लॅब आणि प्रॉडक्शन दोन्ही खाती त्या एकट्या सांभाळत होत्या. फाळक्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ पासून दिला जातो. सरस्वतीबाईंचं नाव मात्र फिल्मच्या वर्गातही सगळ्यांना माहीत नसतं.

याच्या उलट उदाहरणही घरचंच आहे. १९२९ला कोल्हापुरात पाच भागीदारांनी ‘प्रभात’ काढली, १९३३ला ती पुण्यात आली. १९३६च्या ‘संत तुकाराम’चे दिग्दर्शक दोघं, विष्णुपंत दामले आणि फत्तेलाल. दामले प्रभातचं ध्वनीचं खातं बघायचे, फत्तेलाल कलेचं. म्हणजे आवाजवाला आणि सेटवाला मिळून केलेली फिल्म थेट व्हेनिसला जाऊन गौरवली गेली. प्रभातच्या त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली. एका माणसाच्या नावाने फिल्म ओळखायची ही सवय आपण कुठून उचलली, कोण जाणे.

आता आम्ही काय करतो ते सांगते, कुणाला उपयोग होईल म्हणून. शूटच्या आधी, कॅमेरा पिशवीतून बाहेर निघण्याआधी, एका पानावर सहा गोष्टी लिहितो आणि पाचही जण सही करतो.

एक, कोण काय करणार आणि शेवटच्या पाटीवर ते कोणत्या शब्दांत येणार.
दोन, फिल्मची मालकी पाचही जणांची, समान.
तीन, सगळं मूळ साहित्य दोन डिस्कवर, दोन वेगळ्या घरांत.
चार, भांडण झालं तर कुणी एक जण फिल्म अडवू शकणार नाही. फार तर स्वतःचं नाव काढून घेईल.
पाच, बाहेर पाठवायची तर पाचही जणांचा होकार हवा.
सहा, ज्यांच्यावर फिल्म आहे त्यांनी शेवटचा कट बघितल्याशिवाय ती कुठेही जाणार नाही.

सहावी ओळ मावशींची आहे. ती आम्ही त्यांना वाचून दाखवली.

हे लिहायला अर्धा तास लागतो. पहिल्यांदा सगळ्यांना अवघडल्यासारखं झालं, मित्रांमध्ये कसला कागद म्हणून. पण कागद झाल्यावर आमची भांडणं कमी झाली नाहीत, ती फिल्मवर व्हायला लागली. हा शॉट लांबलाय का, इथे शांतता हवी का, असली. अशी भांडणं परवडतात.

आयोजकांकडे, मग ती सरकारी खाती असोत, संस्था असोत की मंडळं, मागणं फार मोठं नाही. हक्क विकत घेतल्यासारखे मागू नका, ठरावीक काळ दाखवण्याची परवानगी मागा. फिल्म कापायची असेल तर आधी विचारा. छोट्या तुकड्यातही नावं ठेवा, दोन सेकंदं लागतात. आणि पडद्यावरच्या माणसाचं वाक्य अर्ध्यात तोडू नका. स्पर्धांचे परीक्षक म्हणून जे मान्यवर जातात त्यांनी मान देण्याआधी नियमावलीचं एक पान वाचलं तरी निम्मं काम होईल.

तुमच्या ओळखीत कुणी अशी स्पर्धा भरवत असेल तर ही पोस्ट त्यांच्यापर्यंत जाऊ द्या. तुमच्याकडच्या एखाद्या स्पर्धेची नियमावली चांगली असेल तर ती कमेंटमध्ये टाका, आम्हाला नमुना म्हणून हवी आहे. आणि कचरा देताना सॅनिटरी कचरा वेगळा गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा. मावशींना सांगायचं होतं ते हेच, ‘पण’च्या नंतर.