भिंतीवरची बी

पावसाळा लागला की चाळीतल्या आणि वसाहतीतल्या घरांच्या भिंतींवर राखाडी रंगाची, भोपळ्याच्या बीसारखी चपटी वस्तू चिकटलेली दिसते. जरा पाहत राहिले की ती सरकते. आमच्या भगिनी ती केरसुणीने झटकतात आणि विसरून जातात. पण गेल्या वर्षी वस्तीतल्या एका घरात याच बीवरून भांडण पेटले. नव्या सुनेला घर झाडता येत नाही म्हणून किडे झाले, असे सासूबाईंचे म्हणणे. सून पिशवी भरून माहेरी निघाली. प्रकरण आमच्याकडे आले. रेशनकार्ड, अर्ज, भांडणे, सगळे आमच्याकडेच येते.

आम्ही पडलो बी.कॉम. जमाखर्च कळतो, किडे नाहीत. म्हणून आधी वाचले, मग बोललो.

ही बी म्हणजे एका पतंगाच्या अळीचे घर. पतंगाचे शास्त्रीय नाव फेरीओका. लोकरीला लागणाऱ्या कसरीच्या कुळातला. अळी तोंडातून रेशीम काढते आणि त्याला वाळू, माती, केर चिकटवून पिशवी विणते. पिशवी दोन्ही टोकांना उघडी असते. अळी आतल्या आत वळून हव्या त्या टोकाने डोके काढते आणि घर ओढत चालते. अंग वाढेल तसे घरही वाढवते, अगदी १४ मिलिमीटरपर्यंत. (आमच्या दहा बाय बाराच्या खोलीला ही सोय नाही!)

मादी भिंत आणि फरशीच्या सांध्यातल्या केरात २०० पर्यंत अंडी घालते. अंडी फुटायला दहा दिवसांहून अधिक लागतात, अळी सुमारे ५० दिवस वाढते, मग पिशवी भिंतीला चिकटवून आतच कोष करते. सरासरी १५ दिवसांनी करडा पतंग बाहेर पडतो. अळीचे खाणे म्हणजे जुनी कोळिष्टके, मेलेले किडे, गळलेले केस आणि लोकर. अभ्यासकांनी सुती कापड देऊन पाहिले, तिने खाल्ले नाही. तेव्हा साड्यांची काळजी नको, स्वेटरची करावी. ती चावत नाही, डंख मारत नाही. तान्ह्या मुलांच्या खोलीत तिच्यासाठी विषारी फवारा मारणे आम्हाला पटत नाही.

इंग्लंड-स्कॉटलंडच्या माळरानांवर हीदर नावाच्या झुडपांवरही पिशवीवाल्या अळ्या असतात. एक जात तर हीदरचीच पाने जोडून घर करते. पण त्यांचे कुळ निराळे, त्या उघड्या रानातल्या. आपली ही घरातली. भारत, श्रीलंका, जावा, हवाई, पनामा इथे ती आढळते. तिची सख्खी बहीण फ्लोरिडा आणि ब्राझीलमध्ये. या सगळ्या ठिकाणांत सारखे काय, तर दमट हवा. तिला ओल लागते.

हे कळल्यावर आम्ही सासूबाईंना घेऊन घराच्या मागे गेलो. वरच्या मजल्याचा सांडपाण्याचा पाइप फुटला होता आणि त्यांच्या भिंतीवर हिरवे शेवाळ चढले होते. बाई बराच वेळ पाहत राहिल्या. मग सुनेला म्हणाल्या, “पिशवी ठेव आत. चहा टाक सगळ्यांना.”

त्याच रात्री पाइप दुरुस्तीचा अर्ज लिहिला. सही सासू-सून दोघींची. अर्जाला दोन स्मरणपत्रे लागली. दिवाळीच्या आधी पाइप बदलला, भिंत सुकायला मात्र होळी उजाडली.