रातांब्याची बी

चॉकलेटमध्ये कोकम चालतं! भेटेल त्याला मी सध्या हेच सांगत सुटलोय. युरोपीय संघाच्या २००० सालच्या नियमानुसार चॉकलेटमध्ये कोको बटरखेरीज सहाच वनस्पतींची तेलं घालता येतात, तीही पाच टक्क्यांपर्यंत. त्या सहांत रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या बियांचं तेल आहे. आणि आंब्याच्या कोयीचंही! आपल्या रत्नागिरीच्या परसातल्या दोन बिया थेट त्या यादीत!

मला हे कळलं ते कॉफीच्या नादात. आंध्रातल्या अराकू खोऱ्यातल्या आदिवासी शेतकऱ्यांची कॉफी सहकारी संस्थेच्या बळावर मोठी झाली. २०१७ मध्ये पॅरिसमध्ये तिचं दुकान निघालं, २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. लाल फळ हातानं खुडायचं, गर सोडवायचा, उन्हात वाळवायचं... वाचता वाचता मी ताडकन उठलो. अहो, हे तर आमच्याकडे मे महिन्यात अंगणाअंगणात चालतं! फक्त ते बी जपतात आणि आपण साल. मानांकन तर आपल्याही कोकमाला आहे, २०१६ पासून!

मग खेड तालुक्यातली एक कातकरी वाडी गाठली. एकेकाळी खैराचा कात काढणारा हा समाज आज आदिम जमातींत गणला जातो. बहुतेकांना स्वतःची जमीन नाही. रानातले, दुसऱ्याच्या राईतले रातांबे काढायचे आणि पावसाच्या आत विकून मोकळं व्हायचं. वळवाची एक सर आली की फळ सडतं, त्यामुळे भावासाठी अडून बसायची सोयच नाही. माल सोलून, मीठ घातलेल्या रसात पुन्हा पुन्हा भिजवून वाळवला की आमसूल होतं आणि वर्षभर टिकतं. म्हणजे पैसा झाडाखाली नाही, अंगणात तयार होतो!

पण माझं लक्ष बियांकडे. एका मावशींनी त्या कुटून, पाण्यात उकळून, वर आलेलं तेल निवल्यावर मुठीत वळलेला गोळा आणून दाखवला. पांढुरका, घट्ट! भर मे महिन्यात घट्ट, कारण ते वितळायला चाळीस अंशांच्या आसपास उष्णता लागते. कोको बटरच्या जोडीला ते बसतं ते याच घट्टपणामुळे. "पायाच्या भेगांना लावतो आम्ही," मावशी म्हणाल्या. मी चॉकलेटचं सांगितलं तर सगळ्या हसल्या, आणि लगेच एकीनं विचारलं, "मग किलोला काय देतील?"

काय नेमका प्रश्न! अराकूची सुरुवातही अशाच प्रश्नापासून झाली असणार, नाही का? वनहक्क कायद्यानं २००६ मध्ये गौण वनोपजावरची मालकी वनवासींना दिली. दापोलीच्या कृषी विद्यापीठाकडे 'कोकण अमृता' या कोकमाच्या वाणाची कलमं आहेत. बियांपासून लावलेल्या रोपांत निम्मी नर निघतात आणि ते कळायला सहा-सात वर्षं जातात. कलमानं तो जुगारच संपतो. आता हवं आहे बिया फोडायचं आणि तेल काढायचं छोटं यंत्र, तेही वाडीतच, बायांच्या गटाच्या मालकीचं. व्यापाऱ्याच्या गोदामात नको!

कलमांची जागा मावशींनी दाखवून ठेवली आहे, वाडीच्या मागचा उतार. मी यंत्राच्या किमती विचारत फिरतोय. कुणाला माहीत असेल तर कळवा, पुढच्या हंगामाआधी ते वाडीत बसवायचं आहे.